फ्रीजरमधल्या क्रॅनबेरीचा मेथांबा

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग, उलटला की अमेरिकेत कितीतरी घरांत क्रॅनबेरीची अर्धी पिशवी फ्रीजरमध्ये पडून राहते. देशातलं निम्म्याहून अधिक पीक एकट्या विस्कॉन्सिनमध्ये येतं. शेतकऱ्यांनी कष्टाने पिकवलेलं फळ असं कचऱ्यात जावं, हे पटत नाही.

अमेरिकेतल्या मराठी स्वयंपाकघरांत यावर छान तोड निघाली आहे. मोहरी-मेथी-हिंगाची फोडणी करायची, आच मंद करून गोठलेलीच फळं त्यात टाकायची. ती फटाफट फुटतात, रस लालभडक होतो आणि पेक्टिनमुळे आपोआप दाटतो. मग तिखट, मीठ, सढळ हाताने गूळ. थेट मेथांब्याची आठवण!

हीच फळं मूठभर वरणात घातली, तर चिंच-आमसूल लागत नाही.

पिशवी आजच बाहेर काढा. फळं आधी वितळवू मात्र नका, पाणचट होतात.