महामार्गालगतचे घर : गुण नव्हे, दोष

गुरुग्रामचा द्वारका द्रुतगती मार्ग असो वा बंगळुरूचा आउटर रिंग रोड, ‘रस्त्याला लागून’ ही गोष्ट घरांच्या जाहिरातींत आजही गुण म्हणून मिरवते. विज्ञानाच्या लेखी तो दोष आहे. वाहनांच्या धुरातील काजळी आणि अतिसूक्ष्म कण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असतात. पहिल्या शे-दीडशे मीटरमध्ये ते झपाट्याने घटतात, तरी मोठ्या रस्त्याचा प्रभाव ३०० ते ५०० मीटरपर्यंत जाणवतो.

शहराचा हवा निर्देशांक पाहून निश्चिंत होणेही व्यर्थ. पीएम २.५ वजनावर मोजले जाते आणि अतिसूक्ष्म कणांना वजन जवळपास नसतेच. भारताच्या २००९ च्या मानकांत त्यांना स्थानही नाही. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा २००० च्या नियमांनुसार ४५ डेसिबल. अवजड वाहनांच्या मार्गावर ती कागदावरच राहते.

२०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला चटई क्षेत्रफळ सांगणे भाग पाडले. खिडकीबाहेरची हवा आणि आवाज मात्र मोजून सांगण्याचे बंधन घातले नाही. ‘ग्राहकाने पाहून घ्यावे’ हा युक्तिवाद लबाडीचा आहे. डोळ्यांना न दिसणारे विष ग्राहकाने पाहावे तरी कसे? आयुष्यभराची पुंजी ओतणाऱ्याला भिंतींमधले अंतर कळते, तर फुप्फुसांत काय जाणार हेही कळलेच पाहिजे.