साठांच्या वर्गातील चार जागा

आमच्या छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्यातील गावोगावचे रुग्ण तेथे येतात. मुलांच्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. त्याची औषधे रोगट पेशी मारतात, पण रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्यांच्या तडाख्यात सापडतात. अशा मुलाला उपचार चालू असताना गोवर-रुबेलाची लस देता येत नाही, कारण तीत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. लहानपणी घेतलेल्या लशीचे संरक्षणही या औषधांनी ओसरू शकते. उपचार दोन-तीन वर्षे चालतात आणि मधल्या काळात मूल शाळेत परत येते. मग त्याचे रक्षण कोणी करायचे?

येथे माझ्या विषयातील शृंखला-अभिक्रिया आठवते. युरेनियमच्या एका विखंडनातून सुटलेल्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकाने तरी पुढचे अणुकेंद्र फोडले, तर साखळी चालू राहते. नाही तर विझते. गोवराचेही तसेच आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण १५ धरू. साखळी वाढायची नसेल, तर या १५ पैकी निदान १४ जण सुरक्षित हवेत. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात असुरक्षित किती चालतील? फार तर ४!

लस घेऊनही काही थोड्यांना प्रतिकारशक्ती येत नाही. एखाद-दुसरी जागा त्यांतच जाते. उरलेल्या जागा माझ्या मते उपचार घेणाऱ्या मुलांच्या आहेत. 'आमच्या बंडूला काय होतंय?' असे म्हणून लस टाळणारे त्याच जागा अडवतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली, तेव्हा बाधितांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. शाळा प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला मागतात. लसीकरणाचे कार्डही का पाहू नये?

रक्ताचा आजार म्हणजे लशी बंद, असे मात्र समजू नका. थॅलॅसेमियाच्या मुलाला वारंवार रक्त चढवावे लागते. त्याला कावीळ 'ब'ची लस हवीच. प्लीहा काढायची असेल, तर न्यूमोनियाच्या जंतूंवरील लस शक्यतो शस्त्रक्रियेच्या निदान २ आठवडे आधी देतात.

वर्गात कोणाला गोवर किंवा कांजिण्या आल्या, तर त्याच दिवशी बाईंना सांगा. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून ६ दिवसांच्या आत डॉक्टर अशा मुलाला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देऊ शकतात.