गेला, कला आणि रामाला

मराठीच्या निवृत्त मास्तराने संगणकाच्या भाषेवर लिहावे हा जरा आगाऊपणाच. पण मुद्दा व्याकरणाचा आहे, म्हणून धाडस करतो.

वेबपानातले दुवे शोधायला पुष्कळ जण रेग्युलर एक्स्प्रेशन वापरतात. हा अक्षरांचा साचा: आधी कोनी कंस, मग 'ए', मग काहीही, मग 'एचआरईएफ' आणि अवतरणचिन्हांत पत्ता. जुळेल ते उचलायचे. मूळ कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लिनी यांची, १९५० च्या दशकातली. मजकुरात शोध घेण्यासाठी ती राबवण्याची रीत केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मांडली. साधन झकासच! तरी दुसऱ्याने लिहिलेल्या पानांवर ते चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

'शेवटी ला दिसला की द्वितीया किंवा चतुर्थी' एवढेच पाठ केलेला मुलगा 'रामाला' बरोबर ओळखतो आणि मग 'गेला', 'कला' यांनाही विभक्ती लावून मोकळा होतो. साच्याचे तसेच. दुहेरी अवतरणचिन्ह गृहीत धरले, की एकेरी चिन्हातला किंवा चिन्हाविना लिहिलेला पत्ता निसटतो. एचटीएमएलमध्ये तिन्ही चालतात. उलट कॉमेंटमध्ये झाकून ठेवलेला दुवा तो खरा समजून उचलतो. आणि ते 'काहीही' भलते हावरट! एका ओळीत चार दुवे असले, तर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळे एका घासात गिळते.

चुकले तरी साचा ब्र काढत नाही, ही खरी भीती. सध्या माझ्या सगळ्या जुन्या नोंदी दुसरीकडे हलवायच्या आहेत. त्यांत स्नेह्यांच्या लेखांचे दुवे आहेत, आणि त्यांतले काही स्नेही आता हयात नाहीत. पाच-सात दुवे गळले, तर तक्रार करायला कोण येणार? म्हणून नातीला सांगितले, "बाळ, पार्सर वापर." पार्सर ब्राउझरसारखे पान वाचतो, टॅगांचे झाड उभे करतो. मग त्याच्याकडे दुवे मागायचे. पायथॉनसाठीही असे पार्सर मिळतात.

आपणच एका शिस्तीने लिहिलेले छोटे पान असेल, नजरेने ताळा घेता येत असेल, तर साचा खुशाल वापरा. पाच मिनिटांच्या कामाला पंचांग कशाला? पण जिथे हरवलेले कळणारच नाही, तिथे नुसती अक्षरे जुळवून भागत नाही.

असो. जाणकारांचे मत वेगळे असेल तर जरूर लिहा.