एकाचा नकार आणि मेंढ्याची ग्रामसभा

१/ इतिहासातील निर्णय म्हटले की आपल्याला दरबार, तह आणि लढाया आठवतात. या धाग्यात मात्र गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील शंभराच्या आसपास घरांच्या एका गोंड गावाकडे पाहू. गावाचे नाव मेंढा (लेखा).

२/ पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही धरणे प्रस्तावित होती. त्यांविरुद्धच्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात बाबा आमटे, लालश्याम शहा यांच्यासोबत या भागातील गावे उतरली. धरणे मागे पडली, पण मेंढ्यातील चर्चा थांबली नाही. देवाजी तोफा हे गावचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल हे सोबती. यांतून घोषणा जन्मली : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

३/ घोषणा सर्वांना ठाऊक असते. तिच्यामागची पद्धत अधिक मोलाची आहे, असे माझे मत. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल, तर विषय पुढच्या सभेवर जातो. मधल्या काळात अभ्यासगट बसतो, माहिती गोळा करतो, बाहेरच्या जाणकारांना बोलावतो. निर्णय मात्र ग्रामसभेचाच.

४/ हे केवळ कार्यपद्धतीचे कौतुक नव्हे. तिच्या मुळाशी एक नैतिक धारणा आहे : ज्याच्यासोबत उद्या जंगलात जायचे आहे, त्याला आज हरवायचे नाही. मूल्य आधी, पद्धत नंतर.

५/ दारूचेच पाहा. स्त्रियांना ती बंद हवी होती, पण मोहाची दारू देवाला चढते. एकीकडे घरातील शांतता, दुसरीकडे पूर्वजांची रीत, दोन्ही मूल्येच! दीर्घ चर्चेअंती दारू बंद झाली, देवकार्यापुरता थोडासा अपवाद राहिला. बहुमताने हा प्रश्न एका संध्याकाळी सुटला असता आणि दुसऱ्या दिवशी चोरून भट्ट्या लागल्या असत्या, असे मला वाटते.

६/ घोटुलाची कथाही तशीच. तरुणांचे ते परंपरागत सभास्थान गावाने सागवानी लाकूड वापरून उभारले. वनविभागाने ते पाडले. गावाने ते पुन्हा उभारले. हिशेबी मनुष्य इथे माघार घेतो, कारण लाकूड थोडे आणि खटल्याची धास्ती मोठी. पण घोटुल ही मालमत्ता नव्हती.

७/ आता आक्षेप. एकाच्या नकाराने सारे अडते, तर कारभार कसा चालणार? इतिहासात याचे भयंकर उदाहरण आहे. पोलंडच्या संसदेत एकटा प्रतिनिधी नकाराधिकाराने संपूर्ण अधिवेशन उधळू शकत असे. १६५२ नंतर हे वारंवार होऊ लागले, राज्य पंगू झाले आणि १७७२, १७९३ व १७९५ च्या फाळण्यांत ते नकाशावरून पुसले गेले.

८/ मग मेंढा का अडले नाही? माझे उत्तर असे : पोलंडचा सरदार नकार देऊन आपल्या जहागिरीत परतत असे, शेजारच्या राजांचे पैसे घेऊन नकार देणारेही होते. मेंढ्यातील नकार देणारा त्याच विहिरीवर पाणी भरतो. त्याला कारण सांगावे लागते आणि इतरांना ते ऐकावे लागते. अर्थात याची दुसरी बाजू नाकारू नये. शंभर घरांत शेजाऱ्यांची नजरही दडपण आणते, आणि प्रत्येक मौन म्हणजे सहमती नसते.

९/ सरकारदरबारी या चिकाटीचे फळ उशिरा आले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला होता, तरी वाहतूक परवान्याचे अधिकार वनविभाग सोडेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

१०/ यानंतर हाती पैसा आला. अनेक चळवळी याच वळणावर फुटतात. मेंढ्याने २०१३ साली उलट पाऊल टाकले : १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार खासगी शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. कसण्याचा हक्क कुटुंबाकडेच राहिला. जमीन बाहेरच्याला विकण्याची मोकळीक मात्र गेली. आणि यासाठीही आधी वर्षानुवर्षे चर्चा चालली होती.