यंत्र घेतले, बैठक राहिली!

कुरकुंभच्या एमआयडीसीतली पाळी सुटल्यावर घरी तसबिरींच्या चौकटी कराव्यात म्हणून आम्ही 10 इंची पात्याचा मायटर सॉ घेतला. पहिल्याच दिवशी तो खोक्यावर ठेवून लांब पट्टी कापली. टोक लोंबले, काप मिटला, पाते अडकून पट्टी उसळली. बोटे थोडक्यात वाचली.

मग टेबल केले. यंत्राच्या पाट्याची उंची मोजून दोन्ही बाजूंच्या फळ्या पाणसळ लावून तेवढ्याच उंचीवर बसविल्या. यंत्र बोल्टने आवळले. मागच्या टेकणपट्ट्या दोरी ताणून एका रेषेत आणल्या. एकाच मापाचे तुकडे हवेत तर एकाच बाजूला अडण लावावी; दोन्हीकडे अडविल्यास तुकडा पात्याशी अडकतो.

भंगारातले पॅलेट आणाल तर शिक्का पाहा. एचटी म्हणजे उष्णता दिलेले, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. एमबीचे किंवा रसायन सांडलेले लाकूड कापू नये. त्याचा भुसा लेकरांच्या श्वासात जातो.

हात पात्यापासून 6 इंच दूर, डोळ्यांवर चष्मा, आणि पाते पूर्ण थांबल्यावरच तुकडा उचला. बुडालेली मजुरी भरून निघते, बंधूंनो. तुटलेले बोट नाही.