मनोऱ्याखालची जमीन

मुंबईत लोअर परळमध्ये श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन हा २८० मीटर उंचीचा निवासी मनोरा उभा आहे. जवळा बाजारसारख्या गावातल्या वाचकाला त्याचे काय, असे कोणी विचारेल. पण असे मनोरे पैशाइतकेच राज्य सरकारच्या नियमांवर उभे राहतात, आणि ते सरकार आपणही निवडतो. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ने कापड गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे केले होते: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१मध्ये ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली गेली. शेड पाडून मिळणारी जमीन, म्हणजे खरा मोठा भाग, वगळला गेला. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

जमीन खासगी, गिरण्या तोट्यात, कामगारांची देणी थकलेली, हे आक्षेप खरे आहेत. पण त्या जमिनीला सोन्याचा भाव आला तो सार्वजनिक रेल्वे, पाणी आणि वाढीव चटईक्षेत्रामुळे. त्यात शहराचा वाटा मागणे रास्तच होते. फ्लॅट घेणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना बाग, तरणतलाव, वाहनतळ कुंपणाच्या आत मिळतात. बाहेर मात्र नवी कार्यालये वाढली, रेल्वे स्थानकांचे जिने तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे गेली. आपल्या भागातही शेते बिनशेती होत आहेत. त्या लेआउटमधली मोकळी जागा नकाशावर आहे तशी जमिनीवर आहे का, हे ग्रामसभेत आत्ताच विचारायला हवे.