स्मरणिकेत मुलांचे चेहरे ओळखू यायला हवेत



स्नेहसंमेलन झालं की शाळेत स्मरणिकेची गडबड सुरू होते. लेख, कविता, मनोगतं दोन-तीनदा तपासली जातात. ऱ्हस्व-दीर्घावरून चर्चा होते. फोटो मात्र शेवटच्या दिवशी ग्रुपवरून उचलून छापखान्यात जातात. मग अंक हातात येतो आणि मुलांचे चेहरे पुसट! माझं स्पष्ट मत आहे, की फोटोची निवड आणि तयारी हे संपादनाचंच काम आहे. ते डीटीपीवाल्यांवर ढकलून चालणार नाही.

"पण मोबाईलवर तर छान दिसत होता!" असं आपण म्हणतो. मोबाईलचा पडदा लहान, त्यावर कमी पिक्सेलचा फोटोही चालून जातो. चांगल्या कागदावर छापायला मात्र एका इंचात साधारण ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे हिशोब सोपा आहे: फोटोचे पिक्सेल भागिले ३००, उत्तर येईल तेवढे इंच. हा भागाकार आपली चौथीची मुलंही करतील. करूनच घ्या!

* ६ बाय ४ इंचाच्या फोटोला १८०० बाय १२०० पिक्सेल हवेत.
* ए-फोर आकाराच्या पूर्ण मुखपृष्ठाला सुमारे ३५०८ बाय २४८० पिक्सेल हवेत.
* वर्तमानपत्राचा कागद खरबरीत असतो, तिथे इंचाला १५० ते २०० पिक्सेलही पुरतात.

आता व्हॉट्सॲपचं बघा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आकसतो. त्याची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. १६०० भागिले ३०० म्हणजे सव्वापाच इंच. आतल्या पानावरच्या छोट्या फोटोला हे चालेल, मुखपृष्ठाला नाही.

खरी अडचण पुढे आहे. समजा, एका रांगेत दहा मुलं आहेत आणि त्यातल्या बक्षीस मिळालेल्या एकीचा फोटो आपण कापून घेतला. तिच्या वाट्याला आले १६० पिक्सेल, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. तोच ताणून पाव पानभर केला, तर डोळे-नाक कुठून दिसणार? मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद असला तरी ती सव्वा इंचाच्या थोडीच पुढे जाते. म्हणून बक्षीस मिळालेल्या मुलाचा स्वतंत्र फोटो त्याच दिवशी काढायलाच हवा.

काही जण संगणकावर ७२ डीपीआयच्या जागी ३०० लिहितात आणि फोटो सुधारला असं समजतात. वरणात पाणी वाढवलं की पातेलं भरतं, डाळ काही वाढत नाही. तसंच हे आहे.

मग काय करायचं?

१. काढण्याआधी लेन्स रुमालाने पुसा. झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा.

२. सूर्य मुलांच्या पाठीमागे नको, चेहरे काळे पडतात. भर दुपारचं ऊनही नको. झाडाची किंवा व्हरांड्याची सावली उत्तम.

३. ब्यूटी फिल्टर बंद ठेवा. मुलांना परस्पर गोरं करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मूल जसं आहे तसंच छापलं जाऊ द्या.

४. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. स्क्रीनशॉट नको, कोलाज नको, फोटोवर लिहिलेली नावंही नकोत. मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला याचीही नोंद असू शकते, म्हणून ती मोठ्या ग्रुपवर न टाकता थेट संपादकांकडे द्या.

५. पडद्यावर रंग प्रकाशाने दिसतात, कागदावर शाईने. साध्या कागदात शाई पसरते आणि फोटो गडद होतो. म्हणून सगळा अंक छापण्याआधी त्याच कागदावर एक पान काढून मागा आणि चेहरे बघा.

६. नावं डावीकडून उजवीकडे, फोटो काढला त्याच दिवशी लिहून ठेवा. पालकांची संमतीही आधीच घ्या.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा प्रश्न येणारच. बीएलओचं काम, ऑनलाइन माहिती, परीक्षा, सगळं मान्य. पण यातलं बरंचसं काम फोटो काढतानाच होतं. राहिलेलं काम वर्गागणिक एका शिक्षकाने वाटून घेतलं, तर ओझं होत नाही.

आणि हे कशासाठी, तेही बघा. घरोघरी मोबाईलमध्ये शेकडो फोटो असतात. मोबाईल बिघडतो, हरवतो, फोटो जातात. स्मरणिका मात्र कपाटात वर्षानुवर्षं राहते. अनेक मुलांसाठी छापलेल्या कागदावर स्वतःला बघण्याची ती पहिलीच वेळ असते. पाहुण्यांचा सत्कार अर्धं पान घेतो आणि तिसरीचा अख्खा वर्ग एका बोटाएवढ्या पट्टीत बसवला जातो, हेही बदलायला हवं. अंक मुलांचा आहे, तर मोठी जागाही मुलांचीच.

पालकहो, तुमच्याकडे कार्यक्रमाचे चांगले फोटो असतील तर मूळ फाइल वर्गशिक्षकांकडे जरूर द्या. आणि शिक्षक मित्रांनो, यंदा शुद्धलेखन तपासाल तेव्हा प्रत्येक फोटोचे पिक्सेलही एकदा मोजा.